बिली वाइल्डर यांची कारकीर्द कशी अभ्यासावी
हॉलिवूडचे लेखक-दिग्दर्शक वाइल्डर यांच्या अभ्यासाची सुरुवात १९३९ च्या ‘निनोच्का’ या चित्रपटापासून करावी, कारण तेव्हा वाइल्डर केवळ सहलेखक होते आणि दिग्दर्शन अर्न्स्ट लुबिच यांचे होते. त्यानंतर १९४४ चा ‘डबल इन्डेम्निटी’ पाहावा. लेखक दिग्दर्शक झाल्यावर संवादांतील काटकसर कॅमेऱ्यात कशी उतरते, हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसते. सहलेखकांकडे मात्र दुर्लक्ष करू नये: १९५० पर्यंत चार्ल्स ब्रॅकेट आणि पुढे आय. ए. एल. डायमंड यांच्या सहवासात वाइल्डर यांच्या लेखनाचा सूर बदलत गेला. शेवटी ‘द अपार्टमेंट’ दोनदा पाहावा, दुसऱ्यांदा फुटक्या आरशावर लक्ष ठेवून. याच चित्रपटासाठी त्यांना निर्माता, दिग्दर्शक आणि लेखक असे तीन ऑस्कर मिळाले.