विशेष शिक्षणाच्या वादात स्कूल डिस्ट्रिक्टशी तडजोड करार कसा करावा

अमेरिकेत अपंगत्व असलेल्या मुलाच्या विशेष शिक्षणावरून पालकांनी स्कूल डिस्ट्रिक्टविरुद्ध, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेविरुद्ध, ड्यू प्रोसेस तक्रार, म्हणजे औपचारिक सुनावणी मागणारी तक्रार, दाखल केली, तरी बहुतेक प्रकरणे सुनावणीच्या निकालापर्यंत पोहोचत नाहीत. वाटेतच तडजोड होते आणि दोन्ही बाजू एका लेखी करारावर सह्या करतात. अशी तडजोड करण्यात कोणताही कमीपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या शाफर विरुद्ध वीस्ट या निकालानुसार, राज्याचा स्वतःचा वेगळा कायदा नसेल तर, पुराव्याचा भार दाद मागणाऱ्यावर, म्हणजे बहुधा पालकांवरच असतो; आणि २००६ च्या आर्लिंग्टन सेंट्रल विरुद्ध मर्फी या निकालानंतर, खटला जिंकला तरी तज्ज्ञ साक्षीदाराचे शुल्क आयडीईए, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या फेडरल कायद्याखाली परत मिळत नाही. शिवाय सुनावणी लांबली म्हणून मुलाचे शाळेचे वर्ष थांबून राहत नाही. मात्र सही करताना पालक काही मिळवतात तसे काही सोडूनही देतात, आणि नेमके काय सोडले हे अनेकांना पुढच्या वर्षी नवा वाद उभा राहिल्यावर समजते. त्यामुळे करार असा लिहून घ्यावा, की चर्चेच्या वेळी हजर नसलेल्या माणसानेही तो वाचला तर कोणी, काय, कधीपर्यंत करायचे आहे याबद्दल त्याला शंका राहू नये.

करार कोणत्या वाटेने होतो

करार तीन वाटांनी होऊ शकतो, आणि तो कोणत्या वाटेने झाला यावर त्याचे कायदेशीर बळ ठरते. पालकांची तक्रार मिळाल्यापासून १५ दिवसांत डिस्ट्रिक्टने रिझोल्यूशन मीटिंग, म्हणजे वाद मिटवण्यासाठीची बैठक, बोलवावी लागते आणि तडजोडीसाठी एकूण ३० दिवसांचा अवधी असतो. निर्णय घेण्याचा अधिकार असलेला डिस्ट्रिक्टचा प्रतिनिधी या बैठकीला हजर असावाच लागतो. पालकांनी वकील आणला नसेल, तर डिस्ट्रिक्टलाही वकील आणता येत नाही. येथे झालेला लेखी करार कायद्याने बंधनकारक असतो आणि राज्याच्या किंवा फेडरल न्यायालयात त्याची अंमलबजावणी मागता येते, परंतु सही झाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कोणतीही बाजू तो रद्द करू शकते.

दुसरी वाट मिडिएशनची, म्हणजे मध्यस्थीची. ती ऐच्छिक असते, तिचा खर्च राज्य उचलते आणि मध्यस्थ तटस्थ असावा लागतो. तेथील करारही तितकाच बंधनकारक असतो, पण त्याला कायद्याने ३ दिवसांची सवलत दिलेली नाही. सही केली की मागे फिरता येत नाही. मध्यस्थीतील बोलणी गोपनीय राहतात आणि पुढील सुनावणीत पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. रिझोल्यूशन मीटिंगला असे संरक्षण आपोआप मिळत नाही, म्हणून तेथे बोलताना अधिक जपावे किंवा चर्चा गोपनीय ठेवण्याचे आधीच लेखी ठरवून घ्यावे.

तिसरी वाट म्हणजे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी परस्पर केलेला खासगी करार. वरच्या दोन करारांना आयडीईए कायद्याने न्यायालयाचे दार थेट उघडून दिले आहे. खासगी करार मात्र सर्वसाधारण करार कायद्याच्या आधारावर उभा राहतो आणि तो मोडल्यास कोणत्या न्यायालयात जायचे यावरून नवा वाद होऊ शकतो. बोलणी खासगीत झाली असली, तरी अंतिम करार मध्यस्थीतील करार म्हणून नोंदवता येईल का, हे वकिलाला अवश्य विचारावे. वकील परवडत नसेल, तर तक्रार दाखल झाल्यावर मोफत किंवा अल्प दरातील कायदेशीर सेवांची माहिती देणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे, आणि पालकांना मार्गदर्शन करणारे, फेडरल निधीवर चालणारे केंद्र प्रत्येक राज्यात असते.

सेवा आणि पैसा यांची कलमे

बोलणीला बसण्यापूर्वी मुलाला आता काय हवे आहे आणि मागील काळात काय बुडाले, या दोन गोष्टींची वेगवेगळी टिपणे करावीत. पहिलीचे उत्तर बहुधा आयईपीतील (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण योजनेतील) बदल किंवा वेगळी शाळा हे असते; दुसरीचे उत्तर म्हणजे भरपाई म्हणून दिले जाणारे शिक्षण. तक्रारीसाठी फेडरल कायद्यानुसार, राज्याने वेगळी मुदत ठरवलेली नसेल तर, दोन वर्षांची मुदत असते, म्हणून बुडालेल्या तासांचा हिशेब त्या काळापुरता तरी महिन्यावार मांडलेला असावा. मागणी किती मोठी ठेवावी याचे मोजमाप २०१७ च्या एंड्र्यू एफ. प्रकरणात मिळते: त्या निकालानुसार शाळेने नाममात्र प्रगती देऊन भागत नाही, तर मुलाच्या परिस्थितीचा विचार करता योग्य ठरेल अशी प्रगती साधता येईल, असा आयईपी द्यावा लागतो.

“डिस्ट्रिक्ट विद्यार्थ्याला आवश्यक तेवढी स्पीच थेरपी देईल” हे वाक्य ऐकायला चांगले वाटते, पण त्याचा भंग झाल्याचे कधीच सिद्ध करता येणार नाही, कारण “आवश्यक तेवढी” म्हणजे किती हे पुन्हा डिस्ट्रिक्टच ठरवणार. त्याऐवजी असे लिहून घ्यावे: “डिस्ट्रिक्ट विद्यार्थ्याला राज्याचा परवाना असलेल्या स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्टकडून एकास एक पद्धतीने ८० तास थेरपी देईल, हे तास आयईपीतील नियमित सेवांव्यतिरिक्त असतील, थेरपिस्टची निवड पालक करतील, पहिले सत्र करार मंजूर झाल्यापासून ३० दिवसांत सुरू होईल, आणि थेरपिस्ट उपलब्ध नसल्यामुळे किंवा डिस्ट्रिक्टच्या विलंबामुळे जे तास वापरता आले नाहीत, त्यांची मुदत तेवढीच वाढेल.” यातला शेवटचा भाग बहुतेक मसुद्यांत नसतो. भरपाईच्या तासांना अंतिम तारीख घातलेली असते, मधले काही महिने थेरपिस्ट शोधण्यात जातात, आणि मुलाच्या हक्काचे तास न वापरताच संपून जातात.

पैशाच्या बाबतीत पहिला प्रश्न असा, की डिस्ट्रिक्ट शाळेला किंवा थेरपिस्टला थेट पैसे देणार, की पालकांनी आधी भरायचे आणि नंतर परत मागायचे. बर्लिंग्टन प्रकरणातील १९८५ च्या निकालापासून खासगी शाळेची फी परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला हे खरे, पण ज्या कुटुंबाला वर्षाची फी आधी भरणे शक्य नाही त्याच्यासाठी परताव्याचे कलम कागदावरच राहते. अशा कुटुंबाने थेट भरण्याचाच आग्रह धरावा. परतावा मान्य करायचाच असेल, तर कोणती कागदपत्रे जोडायची, पावती दिल्यापासून किती दिवसांत रक्कम यायला हवी, कमाल रक्कम किती, आणि त्या रकमेत शाळेची बस, उन्हाळ्यातील सत्र व मूल्यांकनाचा खर्च धरला आहे की नाही, हे सारे लिहिलेले असावे. वकिलाच्या फीचाही उल्लेख स्वतंत्रपणे करून घ्यावा. २००१ च्या बकहॅनन निकालानंतर केवळ खासगी तडजोड झाली म्हणून पालक “जिंकलेला पक्ष” ठरत नाहीत, त्यामुळे करारात फी नसेल तर ती मागून मिळण्याची आशा फार कमी असते.

सुनावणी सुरू होण्याच्या १० दिवसांहून अधिक आधी डिस्ट्रिक्टकडून लेखी प्रस्ताव आला, तर तो बाजूला ठेवून देऊ नये. १० दिवसांत तो स्वीकारला नाही आणि शेवटी सुनावणीत त्याहून सरस असे काही मिळाले नाही, तर प्रस्तावानंतरच्या वकिलाच्या फीचा हक्क जाऊ शकतो. नाकारण्याला सबळ कारण असेल तरच त्यातून सूट मिळते. ते कारण त्याच वेळी पत्राने कळवून ठेवणे शहाणपणाचे.

दावे सोडून देण्याचे कलम

सगळ्या मसुद्यात सर्वाधिक वेळ या कलमाला द्यावा. डिस्ट्रिक्टच्या वकिलाने पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात बहुधा असे लिहिलेले असते, की पालक आणि विद्यार्थी “ज्ञात व अज्ञात, भूतकाळातील व भविष्यातील, कोणत्याही कायद्याखालील” सर्व दावे सोडून देत आहेत. यातील प्रत्येक शब्द वेगळा तपासावा लागतो. वाद आयईपीचा असेल, तर सोडून द्यायचे दावे आयडीईए कायद्याखालील आणि सही करण्याच्या तारखेपर्यंतचे असावेत, अशी सुरुवातीची भूमिका घ्यावी. करारात पुढील शाळेच्या वर्षाची व्यवस्था ठरली असेल, तर त्या व्यवस्थेपुरते पुढचे दावे सोडायला डिस्ट्रिक्ट सांगेल आणि ते काही अंशी रास्तही आहे. पण करार न पाळल्याबद्दलची तक्रार, शाळेत झालेली इजा, छळ किंवा भेदभाव यांविषयीचे हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळून घ्यावेत. कॅलिफोर्नियातील मसुद्यांत दिवाणी संहितेच्या कलम १५४२ चा उल्लेख हमखास आढळतो. हे कलम माहीत नसलेल्या दाव्यांना संरक्षण देते, आणि मसुदा तेच संरक्षण सोडून द्यायला सांगत असतो.

हे किती महत्त्वाचे आहे ते २०२३ च्या पेरेझ विरुद्ध स्टर्जिस पब्लिक स्कूल्स या प्रकरणावरून दिसते. मिशिगनमधील त्या कर्णबधिर विद्यार्थ्याला अनेक वर्षे सांकेतिक भाषेचे प्रशिक्षण नसलेले मदतनीस दिले गेले, आणि पदवीदानाच्या काही महिने आधी डिप्लोमा मिळणार नसल्याचे कुटुंबाला सांगण्यात आले. आयडीईए कायद्याखालील वाद त्यांनी तडजोडीने मिटवला. त्यात त्याला कर्णबधिरांच्या शाळेत पुढील शिक्षण मिळाले. त्यानंतर अपंगत्वाच्या आधारावरील भेदभावाबद्दल त्याने एडीए (अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट) या कायद्याखाली आर्थिक भरपाईचा दावा केला. आयडीईए कायद्यात अशी भरपाई मिळतच नाही, म्हणून त्या कायद्याची प्रक्रिया शेवटपर्यंत न नेताही हा दावा चालू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला. हा निकाल माहीत असलेला डिस्ट्रिक्टचा वकील एडीए आणि अपंगांबाबतच्या भेदभावाला मनाई करणारे पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ यांखालील दावेही करारात सोडून द्यायला लावण्याचा प्रयत्न करणार, हे उघड आहे. पालकांनी ते सोडूच नयेत असे मी म्हणणार नाही; तो हक्क मोलाचा आहे हे ओळखावे आणि सोडायचा असेल तर त्याच्या बदल्यात काही ठोस मिळवून मगच सोडावा. आणखी एक वाक्य शक्य असल्यास घालून घ्यावे: दावे सोडल्याचे कलम डिस्ट्रिक्टने ठरलेली रक्कम दिल्यानंतरच लागू होईल.

करार संपल्यानंतरचे वर्ष

आयडीईए कायद्यात “स्टे-पुट” नावाची तरतूद आहे. वाद चालू असेपर्यंत मुलाला, दोन्ही बाजूंची वेगळी संमती नसेल तर, सध्याच्या शैक्षणिक व्यवस्थेतच राहू द्यावे लागते. तडजोडीने मूल एखाद्या खासगी शाळेत गेले, तर पुढील वादात तीच शाळा त्याची “सध्याची व्यवस्था” ठरू नये यासाठी डिस्ट्रिक्ट तसे कलम घालते. पालकांना ते मान्य करावे लागले, तरी त्या वेळी स्टे-पुट कोणते मानायचे हे नाव घेऊन लिहून घ्यावे, नाहीतर वाद पुन्हा पेटल्यास मूल ज्या वर्गातून बाहेर काढण्यासाठी तक्रार केली होती त्याच वर्गात परत जाण्याची वेळ येऊ शकते. करार संपण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी आयईपी बैठक होईल आणि त्यापूर्वी नवीन मूल्यांकन झालेले असेल, अशी तारीखही करारातच असावी.

नोकरीमुळे दुसऱ्या गावी जाण्याची शक्यता असलेल्या कुटुंबांनी निवासाचे कलम विशेष लक्ष देऊन वाचावे. डिस्ट्रिक्टची हद्द सोडली की त्याची जबाबदारी संपते, असे बहुतेक करारांत लिहिलेले असते. पूर्वी बुडालेल्या शिक्षणाची भरपाई मात्र हद्द बदलली म्हणून संपण्याचे कारण नाही, आणि ती पालक कोठेही राहिले तरी देय राहील, असे त्यात जोडून घेता येते.

गोपनीयतेच्या कलमातून मुलाचे डॉक्टर, थेरपिस्ट, वकील, कर सल्लागार आणि पुढील शाळा यांना वगळून घ्यावे; याहून अधिक वेळ त्यावर घालवण्याची गरज नाही.

सही आणि त्यानंतर

मसुदा बैठकीतच पुढे करून त्याच दिवशी सही मागितली गेली, तर तो घरी नेऊन वाचण्यासाठी वेळ मागावा. इंग्रजीतील कायद्याची भाषा अवघड वाटत असेल, तर दुभाषा मागण्यात संकोच करू नये. विद्यार्थी १८ वर्षांचा झाला असेल, तर बहुतेक राज्यांत शिक्षणाचे हक्क त्याच्याकडे जातात, म्हणून त्याची सही किंवा पालकत्वाचा न्यायालयीन आदेश लागतो. काही राज्यांत अल्पवयीन मुलाच्या आर्थिक दाव्याच्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरीही घ्यावी लागते. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये करार स्कूल बोर्डाने मंजूर केल्याशिवाय पक्का होत नाही. मंजुरीची अंतिम तारीख करारात असावी आणि ड्यू प्रोसेस तक्रार त्या मंजुरीनंतरच मागे घ्यावी.

करार पक्का झाल्यावर त्यातील प्रत्येक तारीख एका तक्त्यात उतरवून घ्यावी आणि मिळालेल्या तासांची नोंद थेरपिस्टच्या सहीनिशी ठेवावी. एखादी तारीख चुकली, तर फोनवर बोलणे झाले असले तरी त्याच आठवड्यात कराराच्या कलमाचा क्रमांक देऊन ईमेल पाठवावा. तरीही काही झाले नाही, तर राज्याच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करता येईल का ते पाहावे. अशी तक्रार उल्लंघनापासून एका वर्षाच्या आत करावी लागते आणि तिच्यावर सामान्यतः ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. दुसरा मार्ग न्यायालयाचा. त्याचा खर्च पालकांवर येऊन पडू नये म्हणून मसुदा ठरत असतानाच असे कलम मागावे, की लेखी सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत डिस्ट्रिक्टने चूक दुरुस्त केली नाही आणि पालकांना न्यायालयात जावे लागले, तर अंमलबजावणीसाठी झालेली वकिलाची फी डिस्ट्रिक्ट भरेल.