अप-डाउन करणाऱ्यांचा सर्व्हे : संख्याशास्त्राचा प्रोजेक्ट असा करा

‘खान्देशातील विद्यार्थ्यांच्या समस्या’ या विषयावर प्रोजेक्ट होत नाही. एवढ्या मोठ्या विषयात मोजायचं काय, हेच ठरत नाही. विषय असा घ्या की त्याचं उत्तर एका आकड्यात किंवा एका तक्त्यात मावेल. उदाहरणार्थ, आपल्या कॉलेजात अमळनेर, धरणगाव, पाचोरा, भुसावळकडून रेल्वेने किंवा एसटीने अप-डाउन करणाऱ्यांचा पहिला तास गावातल्या मुलांपेक्षा जास्त चुकतो का? प्रश्न छोटा आहे, यादी ऑफिसात मिळते आणि उत्तर कॉलेजच्या कामाचं आहे.

पहिलं काम म्हणजे यादी. समजा, तीन वर्षांचे मिळून ६०० विद्यार्थी आहेत : प्रथम वर्ष २६०, द्वितीय १९०, तृतीय १५०. किती जणांना विचारायचं? ९५ टक्के विश्वासपातळी (असा सर्व्हे शंभरदा केला तर साधारण ९५ वेळा उत्तर मर्यादेत बसावं) आणि १० टक्के चूकमर्यादा (आपली टक्केवारी खऱ्यापेक्षा फार तर १० ने वर-खाली) धरली, तर १.९६ (९५ टक्क्यांसाठीचा तक्त्यातला आकडा) चा वर्ग गुणिले ०.२५ (०.५ गुणिले ०.५, म्हणजे निम्मे-निम्मे धरून), भागिले ०.१० चा वर्ग, म्हणजे ९६.०४; वर नेऊन ९७. पण एकूण मुलंच ६०० असल्याने दुरुस्ती करायची : ९७ ला (१ + ९६/६००) ने, म्हणजे १.१६ ने भागलं की ८३.६ येतात. म्हणजे ८४ पूर्ण फॉर्म हवेत. चूकमर्यादा ५ टक्के हवी असेल, तर याच रीतीने २३५ फॉर्म लागतात. चौघांच्या गटाने एका सत्रात तेवढे फॉर्म घाईघाईने भरण्यापेक्षा ८४ नीट भरलेले कधीही चांगले.

काही जण सापडणार नाहीत, म्हणून १०० नावं काढा आणि ती वर्षांच्या प्रमाणात वाटा : ४३, ३२ आणि २५. एक्सेलमध्ये प्रत्येक नावापुढे रँड फंक्शनने यादृच्छिक आकडा टाका आणि लगेच ते आकडे कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा. नाहीतर शीटमध्ये काहीही टाइप केलं की आकडे बदलतात आणि निवड पुन्हा दाखवता येत नाही. मग प्रत्येक वर्षाची यादी त्या आकड्यांनुसार लावून वरची नावं घ्या.

आता सगळ्यात जास्त प्रोजेक्ट जिथे बिघडतात, ती जागा. सकाळच्या पहिल्या तासाला वर्गात फॉर्म वाटले, तर ज्यांची गाडी लेट झाली तेच वर्गात नसतात. तुमचा प्रश्नच त्यांच्याबद्दल आहे! व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकला, तर ज्यांना विषयाची चीड किंवा आवड आहे तेवढेच भरतात; मग ३०० उत्तरं आली तरी तो नमुना, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बोलणारा छोटा गट, होत नाही. म्हणून यादीतल्या माणसालाच गाठा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तीनदा प्रयत्न करा. तरीही भेटला नाही तर ‘भेट नाही’ अशी नोंद ठेवा. त्याच्याऐवजी शेजारच्या बाकावरचा मित्र घेऊ नका. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि परीक्षेच्या तोंडावर हजेरीच वेगळी असते, तेव्हा तो काळ टाळा.

फॉर्म एका कागदाच्या दोन बाजूंत, १५-१६ प्रश्नांचा पुरे. ‘तुम्हाला नेहमी उशीर होतो का?’ असं विचारू नका, ‘नेहमी’ प्रत्येकाचं वेगळं असतं. ‘मागच्या ६ कामाच्या दिवसांत पहिला तास किती वेळा चुकला?’ असं विचारा. ‘एसटी वेळेवर आणि स्वच्छ असते का?’ हे दोन प्रश्न आहेत, ते वेगळे करा. ०-३०, ३०-६० असे गट छापले तर ३० मिनिटंवाला कुठे खूण करणार? सरळ वेळ लिहून घ्या, गट नंतर पाडता येतात. पालकांशीही बोलायचं असेल, तर ‘कितला टाइम लागस?’ असं अहिराणीतून विचारायला हरकत नाही, पण चौघांचे शब्द आधीच ठरलेले असू द्या. नमुन्याबाहेरच्या १० जणांवर फॉर्म तपासून मगच झेरॉक्स काढा. नाव फॉर्मवर नको, फक्त क्रमांक. क्रमांक आणि नावांची यादी वेगळी ठेवा. सुरुवातीला संमती घ्या.

डेटा भरताना एक चूक हमखास होते. घरून निघण्याची वेळ ७.४५ आणि पोचण्याची ८.२० अशी दशांशात भरली, की वजाबाकी ०.७५ येते आणि कुणीतरी ती ७५ मिनिटं धरतं. खरा प्रवास ३५ मिनिटांचा! म्हणून तास आणि मिनिटं दोन रकान्यांत भरा. उत्तर नसेल तर रकाना रिकामा ठेवा, शून्य टाकू नका. शून्य म्हणजे ‘एकदाही चुकला नाही’. एकाने वाचावं, दुसऱ्याने टाइप करावं आणि शेवटी कोणतेही १० फॉर्म पुन्हा ताडून पाहावेत.

विश्लेषणासाठी दोन बाय दोनचा तक्ता आणि काय-स्क्वेअर कसोटी (दोन गोष्टींत संबंध आहे की फरक नुसता योगायोगाचा, हे तपासणारी) पुरते. कल्पित आकडे घेऊ : अप-डाउनवाले ४८, त्यांतल्या ३० जणांचा तास एकदा तरी चुकला, गावातले ३६, त्यांतल्या १२ जणांचा. अपेक्षित आकडे, म्हणजे काहीच संबंध नसता तर आले असते ते, २४, २४, १८, १८ येतात आणि काय-स्क्वेअर ७. दोन बाय दोनच्या तक्त्याला एकच मुक्तांश (बेरजा ठरल्यावर मोकळेपणाने भरता येणारं घर) असतो; त्यासाठी ५ टक्के पातळीची सीमा ३.८४ आहे. ७ त्याहून मोठा, म्हणजे संबंध दिसतो. कुठल्याही घरात अपेक्षित आकडा ५ पेक्षा कमी आला, तर ही कसोटी भरवशाची राहत नाही. तक्ता मोठा असेल तर गट एकत्र करा, दोन बाय दोन असेल तर लहान आकड्यांवरही चालणारी फिशरची कसोटी लावा.

निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्या. ‘गाडीमुळे तास चुकतो’ हे यातून सिद्ध होत नाही. घरचं काम, शेती, नोकरी हीही कारणं असू शकतात. निष्कर्ष तुमच्या कॉलेजपुरता आहे, अख्ख्या जळगाव जिल्ह्याचा नाही. आणि १० टक्के चूकमर्यादा पूर्ण नमुन्याची आहे; फक्त ४८ जणांची टक्केवारी सांगताना ती साधारण १४ होते. अहवालात कोरा फॉर्म, नमुना काढण्याची रीत आणि १०० पैकी किती जण भेटले, किती नाही, हे वर्षानुसार जोडा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा ‘८४ च का?’ हा येतो, तेव्हा वरची आकडेमोड फळ्यावर मांडता आली पाहिजे.