वाळक्या लाकडावरचे पापुद्रे: ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात आंबा घाटात किंवा पन्हाळ्याच्या उतारावर पडलेल्या ओंडक्यांवर नारिंगी-तपकिरी पापुद्रे चिकटलेले दिसतात. देठ नाही, छत्री नाही. ही लाकूड कुजवणारी बुरशी. तिच्यातली सहज भेटणारी प्रजाती म्हणजे स्टेरिअम. फोटो आता पुष्कळ निघतात, पण फोटोखालची नावं मात्र बिनधास्त ठोकलेली असतात.

दगडफूल म्हणून मोकळं होणं. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात दगडफूल पडतं, म्हणून लाकडावर करडं-पातळ काही दिसलं की तेच नाव तोंडात येतं. दगडफुलात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. ते ओलं करून नखाने खरवडलं की आत हिरवी छटा दिसते. स्टेरिअममध्ये ती नसते. फसगत होते ती जुन्या पापुद्र्यांवर, कारण त्यांच्या केसाळ पाठीवर शेवाळ धरतं. तो हिरवेपणा वरवरचा असतो. मसाल्यासाठी दगडफूल दुकानातूनच आणा.

फक्त वरून फोटो काढणं. ही सगळ्यात मोठी चूक. ट्रॅमिटीस व्हर्सिकलर नावाच्या बुरशीवरही असेच रंगीत पट्टे असतात, पण तिच्या पोटाला बारीक छिद्रं असतात, भिंगातून स्पष्ट दिसतात. स्टेरिअमचं पोट गुळगुळीत. एक कडा उलटून बघितली की वाद मिटतो. ट्रॅमिटीस ‘औषधी’ म्हणून गाजल्यापासून भलतेच पापुद्रे काढ्यात जायची भीती आहे, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो.

पिवळी जेली लाकूड खाते असं मानणं. स्टेरिअमशेजारी कधी पिवळाधमक, लिबलिबीत गोळा दिसतो. युरोप-अमेरिकेत स्टेरिअम हिर्सूटम या जातीसोबत नीमाटेलिया ऑरँशिया ही जेलीसारखी बुरशी भेटते. ती लाकडाला हात लावत नाही, लाकडात पसरलेल्या स्टेरिअमच्या तंतूंवर जगते. तशीच दिसणारी ट्रेमेला मेसेंटेरिका मात्र पेनिओफोरा या दुसऱ्या पापुद्रा बुरशीवर पोसते. त्यामुळे नुसत्या जेलीच्या फोटोवरून नाव सांगू नये. शेजारी कोणता पापुद्रा आहे, तोही चौकटीत घ्या. लाकूड कोणत्या झाडाचं, हेही टिपून ठेवा.

काळ्या रेघांना कीड समजणं. ओंडका आडवा कापला की आत नागमोडी काळ्या रेघा दिसतात. वखारीत असं लाकूड बाजूला टाकतात. खरं तर त्या बांधासारख्या हद्दी आहेत. एकाच जातीच्या दोन वेगळ्या बुरश्या शेजारी आल्या तरी त्या एकमेकींत मिसळत नाहीत, मधे काळी भिंत घालतात. एका ओंडक्यात किती जणींची वाटणी झाली, ते त्या रेघांवरून कळतं. लाकूड त्या भागात कमकुवत झालेलं असू शकतं, म्हणून बांधकामाला नको. कातकामात मात्र याच नक्षीला भाव मिळतो.

झाड हिनेच मारलं म्हणणं. स्टेरिअम बहुतेक वेळा आधीच मेलेल्या फांदीवर येते. लिग्निन आणि सेल्युलोज हे लाकडाचे दोन्ही मुख्य घटक ती फोडते, लाकूड फिकट आणि मऊ होतं. मग भुंगेऱ्यांच्या अळ्या येतात, त्यांच्यामागे सुतार पक्षी. बाग ‘स्वच्छ’ करताना प्रत्येक वाळका ओंडका जाळलात तर ही सगळी पंगत उठते. जिवंत झाडाच्या बुंध्यालाच बुरशी फुटली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जाणकाराला दाखवा. राधानगरी अभयारण्यातून मात्र नमुना म्हणूनही काही उचलू नका.

तुळईवर रंग फासणं. गगनबावड्याकडच्या कौलारू घरांत वाशावर पापुद्रा आला की लोक वरून ऑइलपेंट मारतात. त्याने ओल आतच कोंडते. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. आधी फुटकं कौल बदला, वारा खेळू द्या, लाकूड वाळू द्या. मग स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तो वासा बदलावाच लागेल.