दंडावरचा ग्लुकोज सेन्सर वजनासाठी वापरताना : चौदा दिवसांचं नियोजन

दंडावर चिकटवून शुगर सतत मोजणारा सेन्सर लावल्याने वजन उतरत नाही. तुमच्या नेहमीच्या ताटातलं काय शुगर झपाट्याने चढवतं आणि काय केलं की ती आटोक्यात राहते, एवढंच तो दाखवतो. एका सेन्सरला हजारो रुपये पडतात, म्हणून कशाची चाचणी घ्यायची ते लावण्याआधीच वहीत लिहून काढा. चार प्रश्न पुरे झाले: सकाळचा नाश्ता, दुपारचा भात, संध्याकाळचा चहा-बिस्किट आणि रात्री उशिराचं जेवण.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आहारात बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. कार्ब्ज (भात, पोळी, साखर यांतले पिष्ट-शर्करेचे घटक) कमी केले आणि औषध तेवढंच राहिलं, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदरपणात, किंवा खाण्यावरून मनात सतत धास्ती असणाऱ्यांनी, हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

लावताना

इथे उदाहरण घेतलंय फ्रीस्टाइल लिब्रेचं. हा सेन्सर १४ दिवस चालतो आणि दंडाच्या मागच्या बाजूला लावतात. ज्या कुशीवर झोपता त्या बाजूचा हात टाळा. ब्लाउजच्या बाहीची कड, पर्सचा पट्टा जिथे घासतो ती जागाही नको. सेन्सर निम्म्यात निघून येण्याचं ते नेहमीचं कारण. आंघोळीनंतर तेल किंवा लोशन लावू नका. जागा स्पिरिटच्या पट्टीने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. ओल्या कातडीवर चिकटपट्टी धरत नाही. मग ॲप्लिकेटर (सेन्सर बसवायचं साधन) टेकवून ‘खट्’ आवाज येईपर्यंत ठामपणे दाबा. थेंबभर रक्त आलं तर चालतं, पण वाहतच राहिलं तर सेन्सर काढून टाका. वापरलेल्या ॲप्लिकेटरमध्ये सुई असते. तो उघडा कचऱ्यात टाकू नका, झाकण घट्ट लावून वेगळा बांधून द्या. कचरा हाताने वेचणाऱ्या माणसाला ती टोचते.

ॲपमधून सुरू केल्यावर तासाभराने आकडे दिसायला लागतात. पहिल्या २४ तासांत ते जरा भरकटतात, म्हणून संध्याकाळी लावलेला बरा, रात्र त्यातच निघून जाते. ज्या मॉडेलला फोन टेकवून आकडा घ्यावा लागतो, त्यात फक्त आठ तासांची नोंद साठते. झोपताना आणि उठल्याबरोबर फोन टेकवला नाही, तर मधला आलेख कायमचा गेला.

आकडा कितपत खरा?

सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो. रक्तात झालेला बदल तिथे पोचायला साधारण ५ ते १५ मिनिटं लागतात. ग्लुकोमीटरशी ताळा करायचा तर उपाशीपोटी, ॲपमधला बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर, असताना करा. बोटाचा आकडा १०० आणि सेन्सरचा ८८ आला तर घाबरण्याचं कारण नाही. आपल्याला हवी आहे ती वाढ: जेवणाआधी किती, शिखर किती.

पहाटे तीनला अचानक ५५ दिसलं आणि कूस बदलल्यावर ८५ झालं, तर सेन्सर दबला होता, एवढाच त्याचा अर्थ. मात्र घाम, थरथर, चक्कर असेल तर आलेखावर विसंबू नका, बोटावर तपासा. रोज ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल, तर काही सेन्सर खोटा चढा आकडा दाखवतात. सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या तर विसराच. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२४ साली त्यांच्याबद्दल स्पष्ट इशारा दिला होता.

पोह्यांची चाचणी

पहिले तीन-चार दिवस नेहमीसारखंच खा. सेन्सर आहे म्हणून शहाण्यासारखं खाल्लंत, तर तुमची खरी सवय दिसणारच नाही. त्यानंतर एकेक चाचणी घ्या. पोहे घेऊ. भिजवण्याआधी काट्यावर ५० ग्रॅम मोजा; भिजल्यावर पाण्याने वजन बदलतं आणि तुलना फसते. रोज तीच वेळ, तेवढंच तेल, सोबत साखरेचा चहा नाही. पहिल्या दिवशी नुसते पोहे. दुसऱ्या दिवशी आधी वाटीभर मटकीची उसळ, मग तेच पोहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा नुसते पोहे, पण खाऊन उठल्याबरोबर १५ मिनिटं चाल.

दरवेळी चार गोष्टी लिहा: सुरुवातीचा आकडा, शिखर, शिखर किती मिनिटांनी आलं आणि शुगर मूळ जागी कधी परतली. समजा ९२ वरून १५८ गेली, तर वाढ ६६. बऱ्याच जणांना उसळीच्या आणि चालण्याच्या दिवशी शिखर बुटकं दिसतं. पण एकाच दिवसावरून निकाल लावू नका. आदल्या रात्री झोप कमी झाली किंवा जेवण उशिरा झालं, तरी तेच पोहे वेगळा आकडा देतात. प्रत्येक प्रकार निदान दोनदा करा.

सपाट रेषेचा चकवा

वजनाच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक इथे होते. भातावर तूप जास्त घेतलं की पोट सावकाश रिकामं होतं, शिखर बसकं येतं आणि माणूस खूश होतो. पण १५ ग्रॅम तुपात जवळपास १३० कॅलरी असतात. मूठभर शेंगदाण्यांत, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, साधारण १७०. आलेख यातलं काहीच दाखवत नाही. उलट एखादं केळं शुगर चढवतं म्हणून वाईट ठरतं आणि त्याच्या जागी फरसाण येतं. हा सौदा तोट्याचा आहे. म्हणून ॲपच्या ‘स्कोअर’शेजारी आठवड्यातून दोनदा सकाळचं वजन आणि एकदा कमरेचा घेर लिहा. भारतीयांसाठी घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात.

जेवणानंतर थोडा वेळ १४० ओलांडणं निरोगी माणसातही घडतं. जोरकस व्यायामात शुगर चढते, पहाटे अंग जागं होतानाही चढते. त्यासाठी जेवण तोडू नका. मात्र उपाशीपोटीचा आकडा वारंवार १०० च्या वर किंवा जेवणानंतरचा २०० च्या वर दिसत असेल, तर प्रयोगशाळेत उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) तपासा. उपाशीपोटी १२६ आणि एचबीएवनसी ६.५ टक्के, या मधुमेहाच्या रेषा रक्ताच्या तपासणीवर ठरतात, सेन्सरवर नाही.

शेवटचे तीन दिवस नवीन काही करू नका. ज्या दोन सवयी फायद्याच्या ठरल्या त्या रोज पाळून बघा आणि अहवालाची पीडीएफ उतरवून ठेवा. सेन्सर काढताना कडेला खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबा, मग सावकाश सोला. पुरळ उठलं असेल तर पुढच्या वेळी तो लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लगेच दुसरा सेन्सर लावायची गरज नाही. तीन-चार महिने त्या दोन सवयी पाळा, आणि मग दुसऱ्या दंडावर तेच ५० ग्रॅम पोहे मोजून पुन्हा तपासा.