पहिला छोटा गेमिंग पीसी जोडताय? आधी केस (पीसीचा बाहेरचा डबा) ठरवा

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला असं समुद्राजवळ राहत असाल आणि पहिलाच छोटा पीसी असेंबल करायचा असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या मागे लगेच धावू नका. मिनी आयटीएक्स, म्हणजे छोट्या पीसीचा मदरबोर्ड, 170 बाय 170 मिमीचा, तो बसेल, पण कार्डाची लांबी-जाडी आणि सीपीयू कूलरची उंची केसमध्ये किती चालते ते बघा नि मगच ऑर्डर टाका. पॉवर सप्लाय बहुतेक वेळा एसएफएक्स साइजचा (नेहमीपेक्षा लहान) लागतो, तिथे पैसे वाचवू नका प्लीज.

सीपीयू, रॅम, एसएसडी, कूलर बोर्ड केसच्या बाहेर असतानाच लावा, नंतर हात जात नाही.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी, खारी हवा. पीसी समुद्राकडच्या खिडकीत नकोच, आणि पावसाळ्यात तो आठवडाच्या आठवडा बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालवला की आतला दमटपणा जातो. लाइट सारखी जाते-येते म्हणून यूपीएस हवाच, आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, नेटची वायरपण काढा.

ऑपरेटिंग सिस्टिम गेम बघून ठरवा. व्हॅलोरंट खेळायचा तर विंडोज 11च, त्याचं अँटी-चीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही. स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवरचे सिंगल प्लेअर गेमच खेळणार असाल तर मी म्हणेन बझाइट ही गेमिंगसाठीची लिनक्स सिस्टिम टाका, फुकट आहे, प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे बरेच गेम तिच्यावर चालतात आणि एएमडी कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आपला गेम प्रोटॉनवर कसा चालतो ते प्रोटॉनडीबी या साइटवर आधी शोधून बघा.