डग्गा कुठे गेला? ऑन-इअर हेडफोन घेताना या चुका टाळा

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत रात्री साडेदहानंतर स्पीकर लावायची सोय नाही. पलीकडच्या खाटेवर सासूबाई, भिंतीपलीकडे शेजारी. म्हणून मी पहिला ऑन-इअर हेडफोन घेतला, लॅमिंग्टन रोडवरून, जेमतेम दहा मिनिटांत. दुकानदाराने स्वतःच्या फोनवर एक धडाडधूम गाणं लावलं, "बेस बघा मॅडम" म्हणाला, मी बघितला आणि पैसे दिले. घरी येऊन विलंबित ख्याल लावला तर तबल्याची चाट कानात टोचतेय आणि डग्गा गायब! तीन आठवडे मी त्या हेडफोनला शिव्या घातल्या. निम्मी चूक माझी होती.

ऑन-इअरची गादी कानाभोवती बसत नाही, कानावर टेकते. कान काही सपाट नसतो, त्यामुळे कुठेतरी फट राहतेच, आणि त्या फटीतून सगळ्यात आधी निसटतात ते खर्जाकडचे आवाज. ओळखायची युक्ती सोपी आहे. गाणं चालू असताना दोन्ही गाद्या बोटांनी हलकेच कानाशी टेकवा. डग्ग्याचा घुमारा लगेच परत आला, तर आवाजात दोष नाही, बसण्यात आहे. माझ्या बाबतीत फट पाडत होत्या दोन गोष्टी: चष्म्याची काडी आणि कानातली कुडी. कुड्या काढल्या, काड्या थोड्या वर घेतल्या, गाद्या बोटभर खाली-पुढे सरकवल्या, म्हणजे आतला स्पीकर बरोबर कानाच्या छिद्रासमोर आला. तोच हेडफोन, तीच मैफल, पण डग्गा जागेवर. बोटांनी चांगलंच दाबल्याशिवाय फरक पडत नसेल, तर मात्र पट्टी तुमच्या डोक्याला सैल आहे. तो परत करा.

त्यामुळे दुकानात चष्म्यासकट घालून बघा, आणि दोन मिनिटं नाही, वीस मिनिटं. ऑन-इअरचा जाच पाळीच्या वरच्या कूर्चेला होतो आणि तो उशिरा कळतो. सेनहायझरचा एचडी २५ डीजेंच्या डोक्यावरून हलू नये इतका घट्ट बसतो. तासभर पडून ऐकणाऱ्याला तो मी सुचवणार नाही. कॉसचा पोर्टा प्रो १९८४पासून मिळतो, दिसायला खेळण्यासारखा, पण त्याला कानाच्या वर टेकणाऱ्या छोट्या गाद्या आहेत आणि दाब कमीजास्त करायची सरकपट्टीही. ऐकायला आपलं रेकॉर्डिंग न्या, ज्यातला तानपुरा तुम्हाला पाठ आहे असं. जवारीची, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारी, झिणझिण सुटी ऐकू येते की नुसती गुणगुण, यावरून दुकानदाराच्या बेसपेक्षा खूप जास्त कळतं.

कानावरच्या वाटीची मागची बाजू उघडी की बंद, हा प्रश्न मी दुसऱ्या खरेदीत विसरले. १९६८ साली आलेल्या सेनहायझर एचडी ४१४पासून मागून उघडे हेडफोन लोकांच्या कानावर आहेत, आणि त्यांचा आवाज खरंच मोकळा असतो, खोलीत बसून ऐकल्यासारखा. पण तो बाहेरच्यांनाही ऐकू जातो. पहिल्याच रात्री अंधारातून आवाज आला, "अगं, तुझ्या त्या तबलजीला झोपू दे आता." एका खोलीत दोघं असाल तर बंदच घ्या. मात्र बंद ऑन-इअर घातला म्हणजे पंखा आणि लोकल ऐकू येणार नाहीत, अशी आशा ठेवू नका.

खोक्यावरच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नये. '५ ते ४०,००० हर्ट्झ' वाचून भुलू नका. माणसाला जेमतेम २० ते २०,००० ऐकू येतं, तेही तरुणपणी. ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो तो आकडा, तेवढा बघा: ३२ किंवा ६० असतील तर साधा फोन सहसा पुरतो, २५०-३०० असतील तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागण्याची तयारी ठेवा.

आता ब्लूटूथवाल्यांचं रडगाणं. लॅपटॉपवर गाणं मस्त चालू असतं, मीटिंग सुरू होते आणि आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडलेला नाही. त्याचा माइक चालू झाला की ब्लूटूथ बोलण्याच्या मोडमध्ये जातं आणि स्टिरिओ सोडून देतं. मीटिंगच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचाच माइक निवडा, संगीत परत येईल. आणि एकच बाजू वाजत असेल तर दुकान गाठण्याआधी फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत डावा-उजवा बॅलन्स मध्यावर आहे का बघा. वायरवाला असेल तर जॅकच्या भोकातला कचरा लाकडी टूथपिकने, फोन बंद करून, हलक्या हाताने काढा. माझ्या पर्समधला पेढ्याचा चुरा निघाला होता.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास म्हणते. ९०ला गेलात तर फक्त ४ तास. आपण पंख्यावर मात करायला वाढवतो आणि मग तसाच ठेवतो. पंखा एक नंबरने कमी करा, तेवढ्याने काम होतं.

राहिला आपला पावसाळा. नकली चामड्याच्या गाद्या मुंबईच्या दमट हवेत आणि घामात सोलपटतात. माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात कानाला काळे पापुद्रे चिकटून निघाले, ऑफिसात कोणीतरी विचारलं, "कानाला काय लागलंय?" वापरून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि घेतानाच विचारा, गाद्या सुट्या मिळतात का, व्यास किती. मी अंदाजाने मागवलेल्या गाद्या कडेच्या खाचेत बसल्याच नाहीत. अजून पडून आहेत, चष्म्याच्या खोक्याखाली.