तिरप्या अधोगमन सीमेचा नकाशा कसा वाचावा

जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो, ती अधोगमन सीमा. नागपूर अशा सीमांपासून दूर असले, तरी आपल्या देशाची अशी एक सीमा अंदमान-निकोबारच्या पश्चिमेला आहे आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने सुरुवात तिथूनच करावी. जावापासून अंदमानपर्यंत या सीमेवर गेलेल्या सुंदा गर्तेचा, म्हणजे समुद्रतळावरच्या लांब, खोल चराचा नकाशा, ट्रेसिंग पेपर, पट्टी आणि कोनमापक एवढे साहित्य पुरते.

प्रथम गर्तेची रेषा गिरवून घ्यावी आणि जावा, सुमात्रा व अंदमान या तिन्हींसमोर खालच्या पट्टाच्या गतीचा बाण काढावा. बाण साधारणपणे उत्तरेकडेच रोखलेले राहतात, पण गर्ता वळत जाते. त्यामुळे बाण जावासमोर तिला जवळजवळ काटकोनात, सुमात्रासमोर तिरपा, तर अंदमानसमोर बहुतांशी समांतर येतो. हा कोन मोजल्याशिवाय प्रस्तरभंगांकडे, म्हणजे कवच ज्या भेगांवर सरकते त्यांच्याकडे वळू नये, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

मग बाणाचे दोन घटक करावेत. वर्षाला ५ सेंमी गती आणि ४५ अंशांचा कोन धरल्यास गर्तेला लंब आणि समांतर असे प्रत्येकी सुमारे ३.५ सेंमी येतात. लंब घटक मुख्यतः दोन पट्टांमधल्या कलत्या प्रस्तरभंगावर खर्ची पडतो, तर समांतर घटकाचा बराच भाग सुमात्रा बेटाच्या लांबीभर गेलेला सुमारे १,९०० किमीचा प्रस्तरभंग पेलतो, ज्याच्या एका बाजूला उभे राहिल्यास पलीकडची बाजू उजवीकडे सरकताना दिसते. त्याचा वेग मात्र वर्षाला १.५ सेंमीच्या आसपास आहे, म्हणून सगळा समांतर घटक एकाच रेषेच्या नावे मांडू नये. या प्रस्तरभंगाच्या आणि गर्तेच्या मधली चिंचोळी पट्टी वायव्येकडे सरकते आहे, आणि सुमारे ४० लाख वर्षांपासून तिच्यामागे अंदमान समुद्राचा तळ रुंदावतो आहे.

कवचाची अशी पट्टी सरळ सरकण्याऐवजी वळत असेल, तर ते ओळखण्याची रीत मला या विषयातली सर्वांत सुंदर वाटते. लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या काळ्या दगडाच्या दख्खन लाव्हांनी अशाच नोंदीतून भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता हे सांगितले. अशाच अधोगमन सीमेलगतच्या, अमेरिकेतील ओरेगॉनच्या किनाऱ्यावरील सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टमधली दिशा काही ठिकाणी अपेक्षेपेक्षा ६० अंशांहून अधिक, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेली आढळते. ट्रेसिंग पेपरवर गिरवलेला ओरेगॉनचा तुकडा टाचणीभोवती हळूहळू फिरवून पाहावा: उत्तरेकडे वॉशिंग्टन राज्य दाबले जाते आणि तिथे सिअॅटलखालच्या प्रस्तरभंगासारखे उलटे भंग (दाबामुळे एक बाजू दुसरीवर चढते असे) पडतात, तर मागच्या बाजूला, ओरेगॉनच्या आग्नेयेस, कवच ताणले जाते.

शेवटी काळ मागे न्यावा. वर्षाला १.५ सेंमी वेग कायम राहिला, तर १० लाख वर्षांत १५ किमी सरकणे भरते. पण हा हिशेब पायरीसारख्या दिसणाऱ्या नदीच्या वळणांशी आणि खडकांच्या वयाशी पडताळावा; काही वर्षांच्या जीपीएस नोंदी तशाच गुणून मांडू नयेत, कारण दोन भूकंपांच्या मधल्या काळात अडकलेले कवच वाकलेले असते आणि भूकंपात ते सुटते. २६ डिसेंबर २००४ रोजी उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा उचलला जाऊन प्रवाळ पाण्याबाहेर आले, आणि त्याच भूकंपात निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, खचले.